आखाजीचा आंबा आणि केसतोड

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की खान्देशात घरोघरी आमरस सुरू होतो, आणि साधारण त्याच सुमारास अंगावर केसतोड उठायला लागतात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो, सदरा पाठीला चिकटलेला असतो, आणि मानेवर, काखेत किंवा मांडीला काहीतरी ठसठसू लागतं. घरातली म्हातारी माणसं नुसतं पाहूनच निदान करतात : आंबा बाधला, उष्णता झाली, रक्त बिघडलं. मग सब्जा येतो, धने-जिऱ्याचं पाणी येतं, आणि रक्त शुद्ध करणारं म्हणून एखादं कडूजहर औषध चमचा चमचा पोटात जातं. आठ-दहा दिवसांत केसतोड फुटतो, सुकतो. श्रेय अर्थातच त्या कडू औषधाला मिळतं. तो तसाही बरा होणारच होता, हे सांगायला कोणी येत नाही.

सब्जाला किंवा धन्याच्या पाण्याला माझी हरकत नाही. मे महिन्यात पोटात जाईल तेवढं पाणी चांगलंच. हरकत निदानाला आहे. रक्त बिघडल्यामुळे पुळी येत असती तर ती अंगावर कुठेही यायला हवी होती. पण केसतोड तळहातावर येत नाही, तळपायावरही येत नाही. रक्त तर तिथेही तेच फिरतं. तिथे नसतात ते केस. पुळीचं मूळ रक्तात नाही, केसाच्या मुळाशी आहे, आणि तिथे ती आतून नव्हे, बाहेरून पोचते. हे एकदा पटलं की औषध कोणतं घ्यावं यापेक्षा टॉवेल कोणाचा वापरावा, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटू लागतो.

माणसाच्या अंगावर सुमारे ५० लाख केसांची मुळं असतात. त्यांतली लाखभर डोक्यावर. प्रत्येक केस कातडीत खोल गेलेल्या एका अरुंद पिशवीतून उगवतो. या पिशवीला शेजारची तेलाची ग्रंथी जोडलेली असते. पिशवीचं तोंड बाहेर उघडं असतं, म्हणजे कातडीच्या तटबंदीत ५० लाख झरोके आहेत. एरवी त्यांतून काही आत शिरत नाही. पण घामानं कातडी भिजून फुगली, वर कापड घासलं, वस्तऱ्यानं किंवा नखानं तोंडाशी ओरखडा काढला, की झरोक्याचा पहारा ढिला पडतो. जंतू वरवरच राहिले तर बारीक, पिवळ्या टोकाची केसपुळी होते. नीट पाहिलं तर मधोमध केस दिसतो. खोल उतरले तर केसतोड, म्हणजे गळू. शेजारशेजारची अनेक मुळं एकत्र पेटली आणि चाळणीसारखी तोंडं पडली तर काळपुळी. पापणीच्या केसाशी हेच झालं की रांजणवाडी, काखेत झालं की काखमांजरी. नावं वेगळी, घराणं एकच. घामोळं मात्र या घराण्यातलं नाही. ते घामाच्या नळ्या तुंबल्यानं येतं, त्यात केस मध्यभागी नसतो, आणि थंडाव्यानं ते आपोआप ओसरतं.

केसाच्या मुळाशी शिरणारे हे जंतू कोणते? पॅरिसमध्ये लुई पाश्चरच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एकाला १८७९ च्या मे महिन्यात एकामागून एक गळवं येऊ लागली. एक बसावं, दुसरं दुसरीकडे उठावं. पाश्चरनं त्यांतला पू काढून मांसाच्या अर्कात वाढवला. प्रत्येक वेळी तोच सूक्ष्म जंतू मिळाला. गळवातली सूज आणि पू या जंतूमुळेच, असं त्यानं १८८० मध्ये मांडलं. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यालाही पुवात तेच गोल जंतूंचे घोस दिसले. १८८२ मध्ये त्यानं त्यांना स्टॅफिलोकोकस हे नाव दिलं. त्यांतली सोनेरी रंगाची जात, स्टॅफिलोकोकस ऑरियस, ही आपल्या बहुतेक केसतोडांची धनी.

हा जंतू राहतो कुठे? हे कळलं की अर्धं काम झालं. तो प्रामुख्यानं नाकात राहतो. दर तीन माणसांतल्या साधारण एकाच्या नाकपुडीत तो काही त्रास न देता मुक्काम ठोकून असतो. शेतात डोक्याला बांधायचा मोठा रुमाल आठवून पाहा. सकाळी तो डोक्याला असतो, दहा वाजता त्यानं मानेचा घाम पुसला जातो, मग नाक, मग जेवणाआधी धुतलेले हात, दुपारी बांधावर तोच उशाला, आणि संध्याकाळी शेजारचा म्हणतो, दे रे जरा तोंड पुसायला. नाकातून मानेपर्यंत जंतूला याहून सोयीची वाट कोणी करून दिली नसती. नाकात बोट घालून तेच बोट मानेवरच्या पुळीला लावणं हा त्याहून जवळचा रस्ता.

खान्देशातली कामंही अशी, की कातडीला घासणीपासून सुटका नाही. रावेर-यावलच्या बागेतून केळीचे घड बाहेर काढणाऱ्या मजुराचा खांदा एकदा जवळून पाहावा. घड वीस-पंचवीस किलोचा. खांद्यावर जुन्या कापडाची घडी. केळीच्या चिकानं ती काळपट झालेली, घामानं भिजून आणि वाळून पुठ्ठ्यासारखी कडक. घडीच्या मध्याखाली कातडी जाड, जवळजवळ निबर होते. पुळ्या दिसतात त्या कडेच्या रेषेवर, जिथे कापड दर पावलाला पुढे-मागे सरकतं. केळीची लागवड मृगबागेची असो की कांदेबागेची, कापणी सुरू झाली की हा खांदा महिना-महिना सुकत नाही. कापसावर फवारणी करणाऱ्याच्या खांद्यावर पंपाचे पट्टे हेच करतात. वर त्यात औषधाचे शिंतोडे. यावर इलाज साधा आहे आणि मालकानं मनात आणलं तर स्वस्तही : घडीचं कापड रोज धुतलेलं हवं, दोन असावीत, आणि खांदा आलटून-पालटून वापरावा. सालदाराला कडू औषधाची बाटली आणून देण्यापेक्षा सुती कापडाचे दोन तुकडे देणं जास्त उपयोगाचं.

ट्रॅक्टरवर दिवस काढणाऱ्यांचं दुखणं बसायच्या जागी. गरम रेक्झीनची सीट, घाम, सतत हादरे. ढुंगणावर आणि मांड्यांच्या मागे पुळ्या उठतातच, पण माकडहाडाशी, दोन्ही नितंबांच्या मधल्या घळीत आलेलं गळू वेगळं समजावं. तिथे गळून पडलेले केस टोचत टोचत कातडीत शिरतात आणि आत खाच तयार करतात. दुसऱ्या महायुद्धात खडबडीत रस्त्यांवर जीप हाकणाऱ्या अमेरिकी सैनिकांना हा त्रास इतका झाला, की डॉक्टरांनी त्याला जीपचा आजार म्हणायला सुरुवात केली. १९४१ ते १९४५ या काळात सुमारे ८० हजार सैनिक त्यापायी रुग्णालयात दाखल झाले. आपल्याकडे असा तरुण बहुधा लाजेनं महिनोन् महिने सांगत नाही. ते गळू फुटतं, सुकतं, पुन्हा भरतं. मलमानं ते जात नाही. शल्यचिकित्सकाला दाखवावंच लागतं. काखेत आणि जांघेत वर्षानुवर्षं एकाच जागी उठणाऱ्या, आतून एकमेकींना जोडल्या जाणाऱ्या गाठींचंही तसंच. तो साधा केसतोड नाही, त्याचे उपचार त्वचारोगतज्ज्ञानं करायचे असतात.

दाढीच्या पुळ्यांत दोष बऱ्याचदा हाताचा असतो. गुळगुळीत दिसावं म्हणून उलटा हात मारला की केस कातडीच्या पातळीखाली तुटतो आणि वाढताना वाकून परत आत घुसतो. केसाच्या दिशेनं, कोमट पाण्यानं दाढी भिजवून, एकदाच वस्तरा फिरवावा. आठवडे बाजारात दाढी करून घेणाऱ्यानं ब्लेड आपल्यासमोर बदलायला सांगावं, संकोच करू नये. पुळ्या असतील तेवढे दिवस दाढी राहू द्यावी. खान्देशात दाढी वाढलेल्याला कोणी नावं ठेवत नाही. कपाळाच्या कडेनं बारीक पुळ्या येणाऱ्या मुलांच्या बाबतीत आधी डोक्याला चोपडलेल्या तेलाकडे पाहावं. मे महिन्यात ते ओघळून कपाळावर येतं आणि केसांची तोंडं बंद करतं.

आता आलेल्या केसतोडाचं काय करायचं? आपल्या आज्यांचं पोटीस इथे पूर्णपणे चूक नव्हतं. कणीक, हळद, थोडं तेल, शिजवून गरम गरम कापडावर पसरायचं आणि गळवावर बांधायचं. कुठे जवसाचं, कुठे भाजलेल्या कांद्याचं. त्यात काम करत होती ती मुख्यतः ओलसर उष्णता. तिनं त्या जागी रक्त वाढतं, जंतूंशी लढणाऱ्या पेशी पोचतात, पू एका तोंडाशी गोळा होतो. तेच काम स्वच्छ कापडानं जास्त नीट होतं : उकळून सोसेल इतपत निवलेलं पाणी, त्यात बुडवून पिळलेला मऊ सुती फडका, गळवावर दहा-पंधरा मिनिटं, निवला की पुन्हा बुडवायचा, दिवसातून तीन-चार वेळा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. मधुमेह असलेल्यानं तर हे दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावं, कारण त्याच्या कातडीला चटका कळेलच असं नाही. फडका वापरून झाला की उकळत्या पाण्यात टाकायचा, त्यानं दुसरं काही पुसायचं नाही. केसतोड फुटला की साबण-पाण्यानं धुऊन कोरडी पट्टी. पुवात लाखोंनी जंतू असतात. उघडं गळू घेऊन घरभर फिरणं म्हणजे ते वाटत फिरणं. चुना-गुळाचा लेप लावून कातडी भाजून घेतलेली माणसं दवाखान्यात येतात, तेव्हा गळवापेक्षा भाजण्याचा इलाज जास्त दिवस चालतो.

आणि दाबायचं नाही. बाभळीचा काटा नको, सुई नको, दोन अंगठेही नकोत. वरून दाबलं की पू बाहेर येतो तेवढाच आतही सरकतो, आणि साधी केसपुळी गळू होते. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातली पुळी तर अजिबात फोडू नये. इथल्या शिरा डोळ्यांच्या मागच्या वाटेनं मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याला जोडलेल्या असतात. तिथे संसर्ग पोचण्याचे प्रसंग विरळा, पण पोचला तर जिवावर बेततं. चेहऱ्यावरची सूज डोळ्यांकडे चढू लागली, ताप आला, डोकं ठणकू लागलं, की सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. अंगावर इतरत्रही लाली झपाट्यानं पसरत असेल, थंडी वाजून ताप येत असेल, किंवा लहान बाळ असेल तर घरगुती शेकावर अवलंबून राहू नये. पायाला गळू असताना जांघेत अवधाण येतं ते गाठीनं संसर्ग अडवल्याचं लक्षण. ते चोळून बसवायचं नसतं.

पुन्हा पुन्हा केसतोड येणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारीन : साखर तपासली का? हे ज्ञान नवं नाही. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला येणाऱ्या सात प्रकारच्या पिडका सांगितल्या आहेत, सुश्रुतसंहितेत दहा. रक्तातली साखर मोजायचं साधन हाताशी नसताना या वैद्यांनी गळवं आणि मधुमेह यांची सांगड घातली होती. साखर वाढली की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. मानेमागची किंवा पाठीवरची काळपुळी म्हणूनच बहुधा मधुमेह्याच्या वाट्याला येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींवर माणसं मधुमेही आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना ते ठाऊक नसतं. काहींना ते पहिल्यांदा कळतं ते अशा एखाद्या काळपुळीमुळे. आमरसावर आळ घ्यायचाच तर इथे घ्यावा : तो उष्णता करत नाही, पण मधुमेह्यानं आखाजीपासून मृगापर्यंत रोज दोन वाट्या रस ओरपला तर साखर नक्कीच चढते. घरातल्या म्हातारीचा संशय इथे चुकून खरा ठरतो.

मलमांची गोष्ट याहून वाईट आहे. औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेवर, पुळीवर काहीतरी द्या’ म्हटलं की बऱ्याचदा तिहेरी मलम हातात पडतं : एक बुरशीवर, एक जंतूवर आणि एक स्टेरॉइड. दोन दिवसांत लाली आणि खाज ओसरते, ती स्टेरॉइडमुळे. आतला जंतू किंवा बुरशी तशीच राहते, कातडीची प्रतिकारशक्ती मात्र झोपते, आणि पंधरा दिवसांत दुप्पट पुळ्या उठतात. मग तेच मलम पुन्हा. सरकारनं २०१८ मध्ये कातडीवर लावायची बरीच स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. दुकानाच्या काउंटरवर ती बंदी किती दिसते, हे ज्यानं-त्यानं आपल्या गल्लीत पाहावं. छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खूप खाजणाऱ्या बारीक पुळ्यांचं पीक आलं असेल तर ते जंतूंचं नसून कातडीवरच राहणाऱ्या मॅलसेझिया नावाच्या बुरशीचं असू शकतं. त्यावर प्रतिजैविकांच्या गोळ्या खाल्ल्या तर जंतू मरतात, बुरशीला मोकळं रान मिळतं. तिला बुरशीविरोधी औषधच लागतं.

प्रतिजैविकांबद्दल जरा मागे जाऊन सांगायला हवं. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये उपचार म्हणून पेनिसिलिन टोचलेला पहिला रोगी हा चेहऱ्याच्या संसर्गानं सडत चाललेला एक पोलीस होता. औषधानं तो सुधारला, मग औषधच संपलं, आणि मार्चमध्ये तो गेला. त्यानंतर १३ वर्षांनी पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून पेनिसिलिन इथे बनू लागलं. तोवर स्टॅफिलोकोकसनं त्यावर तोड काढायला सुरुवात केलीही होती. पेनिसिलिनचा तुकडा पाडणारं रसायन तो स्वतःच तयार करू लागला. मग १९५९ मध्ये आलेल्या मेथिसिलिनलाही न जुमानणारे जंतू १९६१ मध्ये इंग्लंडात सापडले. आज भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत तपासलेल्या या जंतूंपैकी चाळीसेक टक्के मेथिसिलिनला दाद देत नाहीत. आपल्या केसतोडातला जंतू त्यांतलाच असेल असं नव्हे, पण शेजाऱ्याच्या उरलेल्या तीन गोळ्या खाण्याइतका तो गरीबही नाही. दुसरं असं, की पू भरलेल्या गळवात गोळीचं औषध नीट पोचतच नाही. तिथे खरा इलाज डॉक्टरानं बधिर करून दिलेली चीर. ती दिली, पू निघाला, की ठसठस तासाभरात उतरते. बऱ्याच जणांना पुढे गोळ्यांचीही गरज पडत नाही. वारंवार गळवं येत असतील तर पू तपासायला द्यावा. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाची ओपीडी आहे आणि पुवातला जंतू वाढवून पाहणारी प्रयोगशाळाही. दोन-तीन दिवसांत कोणतं औषध चालेल ते कळतं.

दोन वेळा आंघोळ करा, कपडे रोज बदला, असं पुस्तकात लिहिणं सोपं असतं. धुळ्यातल्या अनेक वस्त्यांत नळाला पाणी काही दिवसांच्या आड येतं. पिंपं भरून ठेवायची आणि पुरवायची. तिथे दुसरी आंघोळ ही चैन आहे. पण कामावरून आल्यावर दोन तांब्यांत मान, काखा, जांघा आणि बसायची जागा साबणानं धुता येते, आणि केसतोड बहुतेक याच जागी येतात. पाणी कमी असेल तेव्हा सबंध अंग ओलं करण्यापेक्षा एवढं केलेलं बरं. मग घामाचा सदरा परत अंगात घालायचा नाही. खान्देशात पाण्याची टंचाई असेल, उन्हाची नाही : धुतलेला सदरा, रुमाल, चादर झटकून पसरली तर तासाभरात कडकडीत वाळते, आणि ओलं कापड राहिलं नाही की जंतूंचा टिकावही कमी. साबण कडू, औषधी वासाचाच हवा असं काही नाही. कपडे सैल आणि सुती असावेत. घट्ट जीन्स घालून एसटीत जळगाव ते धुळे बसलेल्याच्या मांड्यांना विचारावं.

एकाच घरात आळीपाळीनं सगळ्यांना केसतोड येत असतील तर एकट्यादुकट्यावर उपचार करून काही होत नाही. जंतू कोणाच्या तरी नाकात बसून वाट पाहत असतो. डॉक्टर मग नाकपुडीत लावायचं म्युपिरोसिन मलम पाच दिवस, दिवसातून दोनदा देतात, आणि अंगाला क्लोरहेक्सिडिनचा साबण. हे घरातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायचं असतं, ज्याला आजवर एकही पुळी आली नाही त्या काकांनीही. मलम कापसाच्या काडीनं दोन्ही नाकपुड्यांच्या पुढच्या भागात लावायचं, नाक चिमटीत धरून मिनिटभर हलकेच चोळायचं. त्याच पाच दिवसांत उशीचे अभ्रे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात काढायचे, प्रत्येकाचा टॉवेल वेगळ्या खुंटीला, पोरांची नखं कापलेली, दाढीचं सामान ज्याचं त्याचं. काका नाही म्हणाले तर सहाव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.